‘छोट्या’ ऑपरेशननंतरचे मोठे दिवस

‘काही नाही गं, छोटंसं ऑपरेशन आहे. तिसऱ्या दिवशी घरी!’ किती सहज म्हणतो आपण हे! कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन असो, सिझर असो, अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे किंवा पिशवी काढणं असो. डॉक्टरांसाठी ते रोजचं काम असतं, म्हणून ते ‘छोटं’ म्हणतात. नातेवाईक धीर द्यायचा म्हणून म्हणतात. आणि बाई तर सगळ्यांच्या आधी म्हणते, कारण आपल्यामुळे घरात कुणाची गैरसोय व्हायला नको, ही चिंता तिला ऑपरेशनपेक्षाही मोठी वाटते.

या ‘छोटं’ शब्दाने बायकांचं फार नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑपरेशन छोटं म्हटलं की विश्रांतीही छोटी. काळजीही छोटी. आणि पुढे काही बिघडलं तर तिची तक्रारही छोटीच ठरते. ‘सगळ्यांचंच होतं हे ऑपरेशन, तुझंच काय एवढं कौतुक?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई सापडणं कठीण.

आपल्याच महाराष्ट्रातली एक जुनी हकिगत सांगते. सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात ती नोंदवलेली आहे. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने वकिलीचे विद्यार्थी तो खटला आजही अभ्यासतात. १९६३ सालची गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सरकारी इस्पितळात १० जुलैला एक बाई बाळंत झाली. मुलगा झाला. सगळं सुखरूप. १३ जुलैला तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. मग तिला सडकून ताप भरला, पोटात असह्य कळा सुरू झाल्या. एवढ्या साध्या ऑपरेशननंतर असं व्हायला नको होतं. नवऱ्याने डॉक्टरांकडे धाव घेतली. दिवस जात राहिले, प्रकृती ढासळत राहिली. शेवटी १९ जुलैला दुसऱ्या सर्जनने पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत पू झालेला आणि ऑपरेशनच्या वेळी वापरलेला टॉवेलचा बोळा तसाच राहिलेला! तो काढला, पू काढला, पण फार उशीर झाला होता. २४ जुलैला ती गेली. बाळ अवघं दोन आठवड्यांचं होतं.

तिच्या घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने तो निकाल फिरवला, आणि २० फेब्रुवारी १९९६ ला सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा कायम केला. हिशोब करा. जन्मलेलं ते बाळ तोवर बत्तीस वर्षांचं झालं होतं!

कोर्टाने यात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. उपचार करताना डॉक्टरांमध्ये मतभेद असू शकतात, एकाचं कौशल्य दुसऱ्यापेक्षा कमी-जास्त असू शकतं, तेवढ्यावरून कुणाला निष्काळजी ठरवता येत नाही. पण पोटात बोळा विसरणं हा मतभेदाचा विषय नाही, तो निष्काळजीपणाच. आणि इस्पितळ सरकारी असलं म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

मला मात्र या प्रकरणात कायद्याइतकेच ते मधले दिवस छळतात. १३ ते १९ जुलै. सहा दिवस ती बाई तापाने फणफणत होती. ‘होतं असं’, ‘बाळंतिणीला येतो ताप’, ‘थोडं सहन कर’ ही आपल्याकडची ठरलेली वाक्यं. कुठल्याही इस्पितळात, कुठल्याही घरात ती अशा वेळी ऐकू येतात. त्या सहा दिवसांत तिच्या दुखण्याला वेळेवर किंमत मिळाली असती तर?

आज काय वेगळं आहे? एक गोष्ट नक्की वेगळी आहे. तेव्हा बाई आठवडाभर इस्पितळात असायची, आता दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी पाठवतात. हे चांगलंच आहे. पण त्यामुळे काही बिघडायचं असेल तर ते आता बहुतेक वेळा घरी बिघडतं. जखमेतला जंतुसंसर्ग सहसा पहिल्या दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी डोकं वर काढतो. ऑपरेशननंतर तीस दिवसांपर्यंत तो होऊ शकतो, असं वैद्यकशास्त्र मानतं. म्हणजे नाडी बघणारी नर्स, तापाचा तक्ता भरणारी सिस्टर यांचं काम आता घरच्यांवर आलं. आणि घरी कोण असतं?

आमच्या पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात हा प्रश्न फार टोकदार होतो. चिखली, तळवडे, भोसरी, कुरुळी, निघोजे, मेदनकरवाडी. कुठेही जा, एकेका खोलीचा संसार. बीड, लातूर, धाराशिव, परभणी, बुलढाणा, यवतमाळकडून कामाला आलेली तरुण जोडपी. नवरा कंपनीत कंत्राटी, आठवड्याला शिफ्ट बदलणारी. बायको एखाद्या छोट्या युनिटमध्ये पॅकिंगला किंवा असेंब्लीला. सासू गावी, आई गावी. त्या चार दिवस येतात आणि शेतीची कामं आली की परत जातात. शेजारीण चांगली असते, पण तीही सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसला उभी. मग टाक्यांची बाई दिवसभर एकटी, एक तान्हं मांडीवर आणि एक शाळेतून यायचं. त्यात पाणी. २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवड शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. नळ आला की भरून ठेवावंच लागतं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, ही शाळेतली बेरीज आहे. पोटाला टाके असताना किती उचलायचं हे डॉक्टर सांगतात, पण नळ काही डॉक्टरांना विचारून येत नाही!

आमच्या महिला मंडळाच्या कामात अशा कितीतरी जणी भेटतात. एकीची हकिगत सांगते, नाव-गाव कशाला हवं? तिचं सिझर झालं. पाचव्या दिवशी घरी आली. आठव्या दिवशी टाक्यातून पाणी यायला लागलं. गावाहून आलेल्या मावशींनी हळद भरली. दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप. मेडिकलवरून गोळी आणली, ताप उतरला, पुन्हा चढला. नवऱ्याची दुसरी शिफ्ट, सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाला, ‘मागच्या आठवड्यातच बाळंतपणासाठी घेतलीस ना?’ बाराव्या दिवशी तिला उभं राहवेना, तेव्हा रिक्षात घालून नेलं. जखम पुन्हा उघडावी लागली. रोज ड्रेसिंग, सलाइनमधून औषधं, मग पुन्हा टाके. तीन आठवडे गेले. बाळाला वरचं दूध सुरू झालं. उसनवारी झाली ती वेगळीच.

ती बरी झाली, पण ‘बरी झाली’ म्हणजे काय? जखम भरून आल्यावरही कितीतरी महिने तिला वाकायची भीती वाटायची. शिंक आली तरी पोट धरायची. रात्री दचकून उठायची आणि कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची. गुंतागुंतीतून उठलेल्या बाईचं शरीर आधी उठतं, मन मागे राहतं. त्याला घरात नाव काय मिळतं? ‘नाटकं!’ अंगातलं रक्त कमी झालेलं असतं, झोप नसते, आणि वर आपण घरावर ओझं झालो ही टोचणी. अशा वेळी सतत रडू येत असेल, बाळाकडेही बघावंसं वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच दुखणं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

म्हणून मैत्रिणींनो, काही गोष्टी पाठच करून ठेवूया. ऑपरेशननंतर ताप १००.४ च्या वर गेला, टाक्यांभोवती लाली-सूज वाढली, पू किंवा घाण वास आला, दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागलं, पोट फुगून कडक झालं, सारख्या उलट्या होऊ लागल्या, लघवी होईना, अंगावरून फार जायला लागलं किंवा त्याला दुर्गंधी आली, तर थांबायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली तर तेही लगेच दाखवायचं. पायात रक्ताची गुठळी झालेली असू शकते. आणि अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर गुठळी फुप्फुसापर्यंत गेल्याची शंका घ्यायची आणि १०८ नंबरला फोन करायचा. ती ॲम्ब्युलन्स फुकट आहे. ‘उद्या सकाळी बघू’ हे वाक्य अशा वेळी तोंडातून काढायचंच नाही.

आता आपले समज. ‘भात खाल्ला की टाक्यात पू होतो.’ ‘तुरीची डाळ बंद, बटाटा बंद, केळं बंद.’ ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, पोट सुटतं.’ खरं तर जखम भरायला शरीराला प्रथिनं लागतात, आणि गरिबाघरी ती मिळतात वरण, उसळ, दूध, अंडी यांतूनच. तेच बंद केलं तर जखम भरणार कशाने? पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. पाणी भरपूर प्यायला हवं. पथ्य डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर पाळा, आजीच्या डिंकाच्या लाडवालाही माझा विरोध नाही. पण जखमेवर हळद, राख, कसलाही लेप नको. जखम स्वच्छ आणि कोरडी, एवढंच.

विश्रांतीबद्दल तर आपण बोलतच नाही. बाहेरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळलेली दिसते, टाके निघतात, आणि घरचे म्हणतात, ‘झालं की आता!’ पण आतले थर भरायला कितीतरी जास्त दिवस लागतात. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर दोन दिवसांनी हलकं काम चालतं, पण सगळी कामं दोन आठवड्यांनीच, तीही हळूहळू. सिझर किंवा पिशवीच्या ऑपरेशननंतर जड उचलणं साधारण सहा आठवडे वर्ज्य. याचा अर्थ अंथरुणाला खिळून राहायचं असा मुळीच नाही. लवकर उठून चालायलाच हवं, त्यानेच गुठळ्या टळतात. पण खोलीत चालणं वेगळं आणि हंडा घेऊन जिना चढणं वेगळं, हे घरातल्या पुरुषांना कुणी समजावून सांगायचं?

हक्कांचंही तसंच. आपल्याला ते माहीतच नसतात. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी नोकरदार बाईला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि बाळंतपण, गर्भपात किंवा या ऑपरेशनमुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. ईएसआयमध्ये पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, त्यासाठी ठरावीक दिवस हप्ता भरलेला असावा लागतो. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी तर पूर्ण पगार, बाईला १४ दिवस आणि पुरुषाला ७ दिवस, आणि गुंतागुंत झाली तर मुदत वाढू शकते. चिंचवडला मोहननगरात ईएसआयचं इस्पितळ आहे. कंत्राटी कामगारालाही ईएसआय लागू होतो. पण किती जणींकडे आपला ईएसआय नंबर असतो? पगारातून पैसे कापले जातात तेवढं माहीत असतं, कार्ड मात्र ठेकेदाराच्या फायलीत! तेव्हा पहिल्याच महिन्यात नंबर मागून घ्या.

सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर ६० दिवसांत त्याच कारणाने गुंतागुंत झाली, तर उपचाराच्या खर्चाची भरपाई मिळण्याची सरकारी योजना आहे. त्यासाठी कागद लागतात. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा. आपले केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यावेत, असा २००२ पासून डॉक्टरांसाठी नियम आहे. कागद मागणं म्हणजे भांडण काढणं नव्हे.

इथे कुणाला वाटेल, बाई डॉक्टरांवर घसरल्या. अजिबात नाही. गुंतागुंत चांगल्यातल्या चांगल्या सर्जनच्या हातूनही होते. रुग्णाला मधुमेह असतो, अंगात रक्त कमी असतं, जंतू चिवट असतो. प्रत्येक गुंतागुंत म्हणजे चूक नाही. आणि वायसीएमसारख्या महापालिकेच्या इस्पितळात एकेका डॉक्टरपुढे केवढी रांग असते, ते आपण बघतोच. पण टाळता येण्यासारख्या चुका टाळायच्या सोप्या रीती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार झाली, तिच्यामागे होते डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. रुग्ण तोच आहे ना, ऑपरेशन तेच आहे ना, आणि शेवटी बोळे-हत्यारं मोजून पूर्ण भरली ना, हे सगळ्यांनी मोठ्याने बोलून तपासायचं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत हे करून बघितलं. त्याचे निष्कर्ष जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. एका कागदाने! आपण किराणा घेताना यादी तपासतो, मग इथे लाज कसली? ‘डॉक्टर, बोळे मोजून घेता ना?’ असं विचारायला आपण शिकायला हवं.

उलट मोजणं सोडून घाई केली की काय होतं, ते नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात दिसलं. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची कुटुंबनियोजनाची ऑपरेशन्स उरकली गेली. नंतर १३ बायका दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ‘छोटं’ म्हटलं की माणसं मोजायचीही भान राहत नाही ते असं.

आणि गरजच आहे का, हाही प्रश्न विचारायला हवाच. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्याच जिल्ह्यातल्या लेकी-सुना आज आमच्या पट्ट्यात राहतात. पाळीची कटकट नको, कामाचा खाडा नको, ‘छोटंसं ऑपरेशन करून टाक’! जो सल्ला एका वाक्यात मिळतो, तो आयुष्यभर पुरतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. गोळ्यांनी भागेल का, विचारा. सही करण्याआधी कागद वाचून घ्या, नाही तर कुणाकडून वाचून घ्या.

शेवटी एक प्रश्न नवरेमंडळींना. पुरुषाची नसबंदी आज टाक्यांशिवाय, काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. बाईच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावं लागतं. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं, आणि पुरुषांचं ०.३ टक्के! ‘त्याला कामावर जायचं असतं, जड उचलायचं असतं’ हे कारण सांगतात. आणि हंडा कोण उचलतं? ज्या ऑपरेशनला पुरुष मोठं मानून घाबरतात, तेच बाईच्या बाबतीत छोटं कसं होतं, याचं उत्तर एकदा घराघरांत मागायलाच हवं.

तोवर आपण आपल्यापुरतं करूया. गल्लीत, चाळीत, सोसायटीत कुणाचं ऑपरेशन झालं, की डबा नेतोच आपण. त्या डब्याबरोबर थर्मामीटर न्या. तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी जाऊन विचारा, ‘ताप आहे का? टाके कसे आहेत? झोप लागते का?’ बचत गटाच्या बैठकीत ज्या सदस्येचं ऑपरेशन झालंय तिचे पाणी भरायचे दिवस वाटून घ्या. कर्ज वाटतो, तसे हंडेही वाटता येतात. आणि ती ‘काही नाही गं’ म्हणाली, तर त्यावर विश्वास ठेवू नका. जवळ बसा, कपाळाला हात लावून बघा.